मोजलेली वीज

संपादकांचा निरोप दर दिवाळीला सारखाच असतो. "सणाचा अंक आहे, मास्तर, काही तरी प्रकाशाविषयी लिहा, आणि आकडेमोड जरा बेताने करा." वर्षभर या सदरातून मी तरफ, कप्पी, साबणाचे फुगे असले काहीबाही सांगत असतो आणि वाचक ते निमूटपणे ऐकून घेतात, तेव्हा सणाच्या दिवसांत तरी त्यांना जरा सुट्टी मिळावी, हा संपादकांचा हेतू वाजवीच आहे. यंदा मात्र मी त्यांचे अर्धेच ऐकणार. विषय प्रकाशाचाच आहे, पण तो पणतीचा नाही, आभाळातल्या विजेचा आहे. आणि आकडेमोड टाळता येत नाही, कारण ही सारी हकिकत एका आकड्यापायी घडली. तो आकडा बारा.

माझे आजोळ अल्लीपूर. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात. काळी कसदार जमीन, कापूस, तूर, ज्वारी. सोयाबीन पुष्कळ नंतर आले. माझे लहानपण तिथे मामांच्या घरी गेले. शाळेत आम्हांला एक गुरुजी होते. पुस्तकातला धडा पुस्तक मिटून शिकवायचा, अशी त्यांची रीत. एके दिवशी त्यांनी सगळा वर्ग शाळेमागे नेऊन उभा केला. लांब एका वावरात एक माणूस बाभळीचे लाकूड फोडीत होता. कुऱ्हाड खाली आलेली दिसे, पण आवाज नाही. कुऱ्हाड पुन्हा डोक्यावर जाऊ लागली की मग इकडे "ठक्" ऐकू येई. "मधल्या वेळात आवाज कुठे होता रे?" गुरुजींनी विचारले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. एक जण म्हणाला, "लाकडात." गुरुजी हसले आणि म्हणाले, "रस्त्यात होता. चालत येत होता."

मग त्यांनी आम्हांला मोजायला शिकवले. घड्याळ वर्गात कोणाकडेच नव्हते. "एक पांडुरंग, दोन पांडुरंग, तीन पांडुरंग" असे सावकाश म्हणायचे. एका पांडुरंगाला एक सेकंद. वीज चमकली की सुरुवात करायची, गडगडाट आला की थांबायचे. पाच पांडुरंग झाले तर वीज एक मैलावर. त्या पावसाळ्यात गावातली सगळी पोरे पांडुरंगाचा जप करीत होती, आणि म्हाताऱ्या माणसांना वाटे, गुरुजींनी मुलांना चांगले वळण लावले.

आता जूनमधला तो दिवस. साल १९६०. माझे वय दहा वर्षांचे. मृग लागून आठ-दहा दिवस झाले होते, एक चांगला पाऊस येऊन गेला होता आणि सगळ्या शिवारात पेरणीची घाई उडाली होती. मामांकडे गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र बैलजोडी होती. गवळाऊ ही आमच्या वर्धा भागातलीच जात; अंगाने हलकी, चालीला तेज. मामांना त्या जोडीचा इतका अभिमान की, पोळ्याच्या दिवशी ते स्वतः नवे धोतर नेसायच्या आधी बैलांच्या शिंगांना रंग लावीत. तिफन धरायला आमचा सालदार होता; पंचविशीतला, बोलायला कमी, कामाला वाघ. मी त्याला दादा म्हणत असे.

दुपारी तीनच्या सुमारास नैर्ऋत्येकडून आभाळ भरून आले. लांबवर वीज लवली. मामांनी वर पाहिले, मग वावराकडे पाहिले. एक पट्टा पेरायचा उरला होता. मी लगेच मोजू लागलो. बारा पांडुरंग झाल्यावर गडगडाट आला.

"मामा, अडीच मैल लांब हाय," मी मोठ्या ऐटीत सांगितले.

मामांचा माझ्या शाळेवर विश्वास होता. ते म्हणाले, "भासा म्हन्ते अडीच मैल. चाल, येवढं पेरून घेऊ."

पंधरा मिनिटे गेली असतील, नसतील. सोसाट्याचा वारा सुटला आणि टपोरे थेंब पडू लागले. मामा आणि मी धावत झोपडीत शिरलो. सालदाराने तिफन सोडली, बैल धुऱ्यावरच्या निंबाखाली नेले आणि दोघांचे दोर हातात धरून तो बुंध्यापासून जरा दूर, फांद्यांच्या कडेला, उकिडवा बसला. गुडघे छातीशी घेऊन, अंगावर पोत्याची खोळ ओढून. मी झोपडीच्या दारातून त्यांच्याकडेच पाहत होतो. या वेळी मोजायला काही मिळालेच नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले. आवाज गडगडाटासारखा नव्हता. कोणी तरी आभाळ टराटरा फाडले, असा होता. डोळ्यांपुढची हिरवी झाक जायला काही क्षण लागले. त्यानंतर दिसले ते असे: निंबाच्या बुंध्यावरची साल वरपासून खालपर्यंत एका पट्टीत सोलून निघाली होती, दोन्ही बैल कुशीवर पडले होते, पाय ताठ, आणि सालदार मातीत पालथा.

बैल गेले होते. सालदार जिवंत होता. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होते आणि त्याला आपण कुठे आहोत ते कळत नव्हते. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. डाव्या कानाने मात्र त्याला पुढे कधीच ऐकू आले नाही.

इथवर जे घडले ते आभाळाने केले. पुढचे गावाने केले. सालदार पायाळू होता. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो; आणि पायाळू माणसावर वीज पडते, हा आपल्याकडचा जुना समज. दिवेलागणीपर्यंत घरोघरी एकच बोलणे झाले: वीज पायाळवावर आली होती, ती बिचाऱ्या मुक्या जनावरांनी घेतली. अशा गड्याला वावरात ठेवणे म्हणजे विजेला अक्षता देणे! मामांनी स्वतः तसे कधी म्हटले नाही. पण साल संपले तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा ठेवले नाही, आणि गावात दुसऱ्या कोणीही ठेवले नाही. तो आणि त्याची म्हातारी माय बिऱ्हाड उचलून हिंगणघाटला गेली. त्या वर्षी पोळ्याला आमचे जू भिंतीला टेकून उभे होते.

मी गप्प होतो. पेरणी का थांबली नाही, हे फक्त मामांना आणि मला ठाऊक होते. त्यांनी मला एकदाच विचारले, तेही काही महिन्यांनी, जेवताना: "बारा बराबर मोजले होते नं, बापू?" मी म्हणालो, "हो." त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

वाचकहो, मी बारा बरोबरच मोजले होते. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, चाळीस वर्षे शिकवले, आणि तो हिशेब किती तरी वेळा तपासून पाहिला. उजेड एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चार किलोमीटरवरची वीज डोळ्यांपर्यंत यायला सेकंदाचा पाऊण लाखावा भाग पुरतो. तो शून्य धरला तरी चालते. आवाज मात्र पायी येणाऱ्यातला. उन्हाळ्याच्या हवेत तो सेकंदाला साधारण ३५० मीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. बारा सेकंद म्हणजे चार किलोमीटरांहून थोडे जास्त, मैलांत अडीच. गुरुजी बरोबर, भाचा बरोबर. चुकीचे एवढेच होते की, तो आकडा येऊन गेलेल्या विजेचा होता आणि मामांना तो येणाऱ्या विजेचा वाटला.

हे नीट समजण्यासाठी आवाज चालतो म्हणजे काय चालते, ते पाहिले पाहिजे. ज्वारी कमरेइतकी वाढलेली असताना वाऱ्याची झुळूक आली की, वावराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक लाट सरकत जाताना दिसते. ज्वारीचे एकही ताट जागचे हलत नाही. ते वाकते आणि उभे राहते. जाते ती लाट. आवाजाची लाट मात्र आडवी वाकत नाही, पुढेमागे ढकलते. हिंगणघाटच्या स्टेशनात मालगाडीचे डबे जोडताना पाहिले असतील त्यांना हे लगेच कळेल. इंजिन पहिल्या डब्याला धक्का देते आणि "खड् खड् खड्" करीत तो धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो. प्रत्येक डबा वीतभरच सरकतो, पण धक्का सगळी गाडी पार करतो. हवेचे कण म्हणजे हे डबे. वीज ज्या वाटेने जाते, तिथली हवा क्षणार्धात तीस हजार अंशांच्या आसपास तापते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, त्याच्या पाचपट! इतकी तापलेली हवा फुगते म्हणण्यापेक्षा फुटते, आणि त्या फुटण्याचा धक्का म्हणजे गडगडाट. विजेची वाट किती तरी किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा मागाहून. म्हणून आभाळ एकदा "धाड्" करून थांबत नाही, गडगडत राहते. आणि वीज अगदी शेजारी पडली की तो पहिला फाटल्यासारखा आवाज येतो. तो मी ऐकला आहे. पुन्हा ऐकायची हौस नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट. रात्री क्षितिजावर वीज लवताना दिसते आणि आवाज मुळीच येत नाही, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. कारण असे की, जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड असली तर आवाजाची लाट सरळ न येता वरच्या बाजूला वाकते, आणि पंधरा-वीस किलोमीटरांवरून निघालेला गडगडाट आपल्या डोक्यावरून निघून जातो. म्हणजे ज्या विजेचा आवाज आपल्या कानावर आला, ती त्या पंधरा-वीस किलोमीटरांच्या आतली. आणि पावसाळी ढगाचा एक मोठा गड्डा दहा-पंधरा किलोमीटर रुंद असायला काहीच हरकत नसते. माझी बारा पांडुरंगांची वीज आणि निंबावरची वीज या एकाच ढगाच्या दोन कडा होत्या! गडगडाट ऐकू आला, याचा अर्थ आपण त्या ढगाच्या अंगणात उभे आहोत. आमच्याकडे अजून म्हणतात, "आवाज आयकू आला म्हंजे वाचलो." ते त्या एका विजेपुरते खरे आहे.

लाट वाकते हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. उजेडही हवेत वाकतो. थंड आणि गरम हवेच्या थरांतून येताना त्याची वाट किंचित कमानदार होते. याचा सर्वांत जास्त त्रास कोणाला झाला असेल तर जमीन मोजणाऱ्यांना. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली त्याने मद्रासेत हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणी मोजणीला आरंभ केला, आणि हैदराबादेहून नागपूरकडे जाताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचा अंत झाला. दोन टेकड्यांमधला कोन मोजायचा तर हवेने उजेडाला किती वाकवले, तो हिशेब वजा करावा लागे. पुढे एव्हरेस्टच्या माणसांनी दिवसा आरसे आणि रात्री दिवे लावून हीच कसरत चालवली. हायस्कुलात असताना मी ती कबर पाहायला गेलो होतो. आयुष्यभर मोजणी केलेला माणूस आपल्या तालुक्यात पडून आहे, याचे मला तेव्हा फार वाटले. असो.

मुख्य प्रश्न राहिला. वीज निंबावरच का आली, आणि तीन जिवांतले दोन गेले, एक का राहिला?

ढगाच्या उंच, गोठलेल्या भागात बर्फाचे बारीक कण आणि गारांचे भुगे एकमेकांवर आपटत असतात. त्या घासाघाशीत हलके कण धन विद्युतभार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात. ढगाचा तळ ऋण झाला की त्याच्या खालची जमीन धन होते. हा ताण कोट्यवधी व्होल्टपर्यंत वाढतो आणि मग ढगातून एक अंधूक वाट खाली निघते. ती एकदम येत नाही. पन्नासएक मीटरची एक पायरी, क्षणभर थांबा, पुन्हा एक पायरी, अशी चाचपडत येते. जवळजवळ सगळा रस्ता तिला खाली काय आहे याचा पत्ता नसतो. शेवटच्या शंभरएक मीटरांत जमिनीवरच्या उंच टोकांतून, झाडाच्या शेंड्यातून, देवळाच्या कळसातून, उघड्या वावरात उभ्या माणसाच्या डोक्यातूनही, वर जाणाऱ्या छोट्या ठिणग्या निघतात. त्यांतली जी आधी भेटेल, तिच्याशी गाठ पडते. आणि त्या जुळलेल्या वाटेने मग खरा लोंढा धावतो, जो आपल्याला दिसतो. उघड्या शिवारात निंब सर्वांत उंच होता. कोण कसा जन्मला, हे विजेला विचारायला सवडच नसते.

लोंढा म्हणजे किती? साधारण तीस हजार अँपिअर. जुन्या ६० वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जात असे, यावरून अंदाज करावा. पण हा लोंढा टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून एका विजेतली एकूण शक्ती मोजली तर ती अडीचशे-तीनशे युनिटांच्या घरात भरते. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप तीन दिवस चालेल, एवढीच! पोरे मला नेहमी विचारीत, सर, आभाळातली वीज धरून गावाला का देत नाहीत? हे त्याचे उत्तर.

निंबाच्या बुंध्यातून तो लोंढा जमिनीत शिरला. सालीखालच्या रसाची एका क्षणात वाफ झाली, म्हणून साल उडाली. जमिनीत शिरलेली वीज तिथेच जिरत नाही. तळ्यात दगड टाकल्यावर वर्तुळे पसरावीत तशी ती बुंध्याभोवती पसरते. बुंध्याशी दाब सर्वांत जास्त, दूर जावे तसा कमी. जणू झाडाभोवती एक न दिसणारी टेकडी उभी राहते आणि तिचा उतार चहूकडे जातो. बुंध्यापासून चार-पाच मीटरांवरसुद्धा हा उतार एका मीटरमागे हजारो व्होल्टचा असू शकतो. आता त्या उतारावर बैल उभा आहे. त्याचे पुढचे पाय वर, मागचे पाय खाली, मध्ये दीड मीटरचे अंतर. जमिनीतून जाण्यापेक्षा विजेला बैलाच्या अंगातून जाणे सोपे पडते. ती पुढच्या पायांनी चढते, मागच्या पायांनी उतरते, आणि वाटेत बैलाचे काळीज लागते. सालदार मात्र पाऊल पावलाला लावून उकिडवा बसला होता. त्याच्या दोन पायांत जेमतेम चार बोटे अंतर. त्याच उतारावर, त्याच क्षणी, त्याच्या वाट्याला बैलाच्या कितीतरी पट कमी दाब आला. कान गेला तो हवेच्या धक्क्याने. तो बुंध्याला टेकून बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तो तसा का बसला नाही, याचे त्याला स्वतःलाही कारण सांगता आले नसते. बहुधा बैलांना बुंध्याजवळची कोरडी जागा द्यावी म्हणून.

विजेपुढे ज्ञानी माणसाचेही काही चालत नाही. १७५२ साली फ्रँकलिनने पतंगाचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला रिशमान नावाचा शास्त्रज्ञ आकाशातल्या विजेचे मोजमाप करीत असताना तिच्याच धक्क्याने मेला. मोजणाऱ्याला वीज सवलत देत नाही.

गुरुजींची मोजणी मात्र टाकाऊ नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तीच मोजणी फार मोठ्या प्रमाणावर चालवली आहे. वीज चमकते तेव्हा उजेडाबरोबर रेडिओच्या लहरीही निघतात. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्हींचा वेग एकच. मॅक्सवेलने हे कागदावर सांगितले आणि हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखवले. १८९५ साली पोपोव्हने या लहरी पकडून येणाऱ्या वादळाची वर्दी देणारे यंत्रही केले. आमच्या पिढीने या लहरी कानांनी ऐकल्या आहेत. नागपूर आकाशवाणीवर गाणे चालू असावे, आभाळात लखकन व्हावे, आणि त्याच क्षणी ट्रान्झिस्टरने "खर्र" करावे. गडगडाट मागाहून यायचा. पुण्याच्या संस्थेची यंत्रे अशी ठिकठिकाणी बसवली आहेत आणि ती हे "खर्र" कोणाला आधी, कोणाला किती नंतर ऐकू आले ते टिपतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ही लहर ३०० मीटर जाते, यावरून वीज कुठे झाली ते ठरते. पांडुरंग तोच, फार भराभर म्हटलेला. त्यावरून आता मोबाइलवर "दामिनी" नावाने सूचना मिळते.

या जूनमध्ये अल्लीपूरला गेलो होतो. माझ्या मामेभावाच्या नातवाच्या खिशातला फोन वाजला, त्याने तो पाहिला आणि डवरा वावरात सोडून बैल घेऊन तो थेट गोठ्यात आला. आभाळात अजून नीट ढगही नव्हता. शेजारचे एक गृहस्थ त्याला हसले. मी हसलो नाही. अलीकडे देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात राबणारेच बहुसंख्य असतात.

ज्यांच्याजवळ फोन नसेल त्यांनी पांडुरंग जरूर म्हणावा. फक्त अर्थ बदलावा. तीस पांडुरंगांच्या आत गडगडाट आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. औत सोडावे आणि पक्क्या घरात जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली, झोपडीत, उघड्या ट्रॅक्टरवर थांबू नये. काचा लावलेली, लोखंडी छपराची मोटार चालेल. तारेच्या कुंपणाला हात लावू नये, बैल झाडाला बांधू नयेत. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. का, ते वर बैलांच्या हकिकतीत आलेच आहे. त्याने धोका संपत नाही, कमी होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९८१ साली काही कामासाठी हिंगणघाटला गेलो होतो. एका जिनिंग कारखान्याच्या फाटकात कपाशीच्या बंड्यांची रांग लागली होती. तिथे एक माणूस बैलांना पाणी दाखवीत होता आणि कोणी हाक मारली की उजवा कान पुढे करीत होता. मी ओळखले. चहा घेता घेता मी त्याला सगळे सांगितले. बारा पांडुरंग, अडीच मैल, मामांनी माझे ऐकले ते, आणि पुढे पुस्तकांतून कळले ते. मातीत काडीने झाड काढून दाखवले, बैल काढले, त्याला काढले. तो बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिला.

"म्हंजे मी पायाळू हाओ म्हून नाही पडली?"

"नाही, दादा."

"हे तवा काऊन नाही सांगतलं?"

मला उत्तर देता आले नाही. मी दहा वर्षांचा होतो, हे उत्तर नव्हे. नंतरची वीस वर्षे मी दहा वर्षांचा नव्हतो. त्याने आग्रह धरला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घरी चाला. मायले सांगा."

त्याची माय खाटेवर बसून होती. डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. एकवीस वर्षे लोकांनी तिच्या पोटाला बोल लावला होता. तिच्यापुढे काडीने रेघा काढण्यात अर्थ नव्हता. मी तिचे दोन्ही हात धरून खाटेच्या पाटीवर एकमेकांपासून लांब ठेवले आणि सांगितले, बैलांचे पाय असे होते. मग जवळ आणून एकमेकांना टेकवले आणि सांगितले, याचे असे होते. वीज लांब पायांतून जाते. तिने स्वतःच हात पुन्हा एकदा लांब केले, पुन्हा जवळ आणले.

"माह्या पोट्ट्याचे पाय जवळ होते," ती म्हणाली, आणि हात तसेच धरून बसली.